अंगठा न उमटलेली हजेरी

४ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
मागच्या पत्रात सगळं छान चाललंय असं लिहिलं, ते खोटं होतं. परीक्षेला बसू न देण्याच्या यादीत माझं नाव लागलंय. म्हणे हजेरी अठ्ठावन्न टक्के! प्रयोगशाळेतल्या रसायनांनी आम्हा पाचजणींच्या अंगठ्यांची कातडी सोलली आणि हजेरीचं मशीन आम्हाला ओळखेनासं झालं. प्रयोग मात्र एकही चुकवला नाही. वहीत तारखेनिशी बाईंच्या सह्या आहेत. विभागप्रमुख म्हणतात, परीक्षा विभागात जा. तिथला कारकून म्हणतो, अर्ज प्रमुखांमार्फत आणा. तीन दिवस नुसते हेलपाटे घालतेय. परीक्षा चोवीसला. बाबांना सांगू नकोस.
तुझी माया सध्या जरा जास्तच लागेल.
तुझी भाची

८ मार्च
चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.
जन्मभर मी असल्याच कचेरीत कारकुनी केली, तेव्हा ऐक. खिडकीशी रडू नकोस, लेखी दे. कोणत्या नियमाखाली बंदी घातली ते विचार. तक्रार निवारण समितीकडे अपील कर, वहीच्या प्रती जोड आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. दादाला मी सांगून टाकलंय. आधी ओरडला, आणि मग तुझे अंगठे दुखतात का, असं विचारलं.
वेळेवर जेव आणि आत्यावर रागावू नकोस.
तुझी आत्या

१९ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
कारकून पोच देईना. मागची रांग कुरकुरायला लागली तेव्हा कुठे शिक्का पडला. काल सुनावणी झाली. अध्यक्षांच्या खुर्चीत यादीवर सही करणारे अधिष्ठाताच! मी उभी राहून म्हटलं, ज्यांनी निर्णय दिला त्यांनीच अपील ऐकू नये, माझी हरकत नोंदवून घ्या. हे तुला कोण शिकवतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्या. कुणीतरी हसलं. मग दुसरे अध्यक्ष नेमायचं ठरलं आणि पुढची तारीख मिळाली सव्वीस. परीक्षेनंतर दोन दिवसांनी! बाहेर कारकून हळूच म्हणाला, हरकत मागे घेतलीस तर दुसऱ्याच दिवशी निकाल लागेल. कुणाच्या बाजूने, ते बोलला नाही. बरोबर अपील केलेल्या बाकीच्या चौघी माझ्या तोंडाकडे बघताहेत. काय करू?
लगेच लिही, एवढा लोभ कर.
तुझी भाची

२१ मार्च
चि. बडबडीस,
अनेक आशीर्वाद.
अशा तारखा मीही टाकल्या आहेत गं. साहेबांनी खुणावलं की मान खाली घालून लिहायचे, समोरच्याचा चेहरा दिसू नये म्हणून. त्यामुळे मागे घे म्हणायला जीभ रेटत नाही, आणि घेऊ नकोस म्हणताना तुझं वर्ष डोळ्यांपुढे येतं. निकालाच्या अधीन राहून परीक्षेला बसू द्या, असा अर्ज पत्र मिळताच टाक. बाकी तूच ठरव.
जे ठरवशील त्यात मी तुझीच.
आत्या

२७ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
हरकत मागे घेतली नाही. पाचहीजणींनी तसं सह्या करून कळवलं. तू सांगितलेला अर्ज चोवीसलाही विचाराधीनच होता. परीक्षागृहाचं दार लागलं तेव्हा आम्ही बाहेर पायरीवर होतो. बाबा आले आणि शेजारी बसून राहिले.
काल निकाल आमच्या बाजूने लागला. बंदी रद्द, हजेरी वह्यांवरून धरायची. परीक्षा मात्र आता सहा महिन्यांनी. एकीची नोकरी ठरली होती, ती गेली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, सही माझीही होती, आणि रडत निघून गेली. जिंकलो, आत्या, पण एकमेकींकडे बघवेना.
जमलं तर चार दिवस ये.
तुझी भाची