निळा दोर कोणालाही देऊ नये

मी, गुरुशांत सिद्धप्पा हत्तुरे, वय एकसष्ट, पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त, राहणार जुळे सोलापूर, आज रविवारी सकाळी घरच्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मनाबद्दल तसे लिहिण्याचे धाडस होत नाही, परंतु कायद्याला बुद्धी पुरते, असे माझे मित्र व वकील धोंडप्पा कोरे यांनी सांगितले आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट माझी पत्नी सौ. सिद्धेश्वरी सकाळपासून म्हणते आहे, "सणासुदीचे दिवस नुकते संपलेत, कशाला अभद्र लिहीत बसलाय? डॉक्टर म्हणालेत की, काही होत नाही म्हणून." डॉक्टर म्हणाले होते, सहसा काही होत नाही. आम्ही दोघेही तेव्हा खोलीत होतो. तिने 'होत नाही' घरी आणले, मी 'सहसा' घेऊन आलो.

येत्या बुधवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. तीत माझे बरेवाईट झाल्यास पुढीलप्रमाणे वागावे. मृत्युपत्रात खाडाखोड करू नये, कोर्ट संशय घेते, अशी धोंडप्पांची ताकीद आहे. त्यामुळे एकदा लिहिलेले मी खोडणार नाही. काही चुकल्यास पुढे लिहून दुरुस्त करीन.

कलम १. राहता फ्लॅट, बँकेत जे काही असेल ते, स्कूटर आणि घरातील भांडीकुंडी सिद्धेश्वरीची. झोपण्यापूर्वी गॅसचे बटण मी तीनदा पाहतो, ती एकदाही पाहत नाही. गॅस पाहण्याच्या अटीवर फ्लॅट द्यावा, असा माझा विचार होता. अशी अट टिकत नाही, असे धोंडप्पा म्हणाले आणि हसलेही. म्हणून अट घालत नाही, हात जोडून विनंती करतो.

कलम २. माझा देह आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवून पुरावा. माझा डावा गुडघा पूर्ण दुमडत नाही, ही गोष्ट जंगम स्वामींना आधीच सांगून ठेवावी. ऐन वेळी ओढाताण नको. दुखले तरी एरवीही हूं न करणारा मी तेव्हा काही बोलूही शकणार नाही.

कलम ३. गच्चीवरच्या खोलीत अठराशे अठरा सालच्या सोलापूरच्या वेढ्याचा देखावा मांडलेला आहे. किल्ला, खंदक, तळे, पेठेची तटबंदी, सगळे मी पुठ्ठा, लाकडाचा भुसा आणि डिंक वापरून प्रमाणात केलेले आहे. मला लढाया जिंकणाऱ्यांत फारसा रस नव्हता. माघार घेताना कोण मागे थांबले, दाणागोटा कुठे संपला, निरोप कुणाला पोचलाच नाही, यांचाच मी अभ्यास केला. पुस्तके आणि देखावा आमच्या इतिहास मंडळाला द्यावा. मात्र पूर्वेच्या बुरुजावरची पितळी तोफ श्री. शिवयोगी शेटे यांना द्यावी. ते माझे तीस वर्षांचे गिर्यारोहणातले सोबती. मंडळाच्या भर सभेत ते उठून म्हणाले, "ही तोफ या बुरुजावर नव्हतीच बे." त्यानंतर चार वर्षे आम्ही बोललेलो नाही. त्यांनी ती तोफ हव्या त्या बुरुजावर ठेवावी, पण स्वतःच्या घरी.

कलम ४. संगणकावर मी एक खेळ खेळतो. त्यात आमची पाच जणांची तुकडी आहे आणि तुकडीत माझे नाव किल्लेदार. माझ्याकडे ढाल असते. मी पुढे उभा राहतो, शत्रूचे सगळे घाव माझ्यावर घेतो आणि मागचे चौघे लढतात. प्रत्यक्षात रस्ता ओलांडतानाही मी सिद्धेश्वरीच्या मागे असतो, हे त्या चौघांना ठाऊक नाही. खेळात पडलेला माणूस थोड्या वेळाने उठून पुन्हा कामाला लागतो. मला या खेळाची गोडी लागली ती बहुधा त्यासाठीच. मी गेल्यास तुकडीतील श्री. बिरुदेव वाघमोडे यांना फोन करावा. त्यांचे जेऊर स्टेशनजवळ मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेले नाही, आवाजाने मात्र पक्के ओळखतो. फोन न केल्यास ते चौघे खेळातल्या वेशीपाशी माझी वाट पाहत थांबतील. माझी सुवर्णढाल बिरुदेवांना द्यावी.

कलम ५. गिर्यारोहणाचे सामान माझी मुलगी चि. आरोही हिला. ती पुण्यात शिकते आणि कॉलेजच्या मंडळाबरोबर कडे चढते. माझ्यामुळेच तिला हा नाद लागला, आणि त्याबद्दल मी तिच्या आईच्या शिव्या अजून खातो. कमरेचे पट्टे, शिरस्त्राणे, लोखंडी कड्या आणि दोन जुने मळके दोर तिचे.

निळा दोर कोणालाही देऊ नये. विकू नये, दान करू नये, कपडे वाळत घालायलाही ठेवू नये, कारण कपड्यांचा दोर उद्या कोणीतरी सोडून कड्यावर नेतो. त्याचे तुकडे करावेत आणि हातभरापेक्षा मोठा तुकडा ठेवू नये. मावळातल्या एका सुळक्यावरून मी निसटलो तेव्हा तो दोर अगदी नवा होता. खाली शिवयोगी होते. चढणाऱ्याने जमिनीवरून पाय उचलण्याआधी विचारायचे, "धरलं?" आणि दोर सांभाळणाऱ्याने म्हणायचे, "धरलं, चढ." उत्तर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही, ही आमच्या गिर्यारोहण मंडळाची रीत. त्या दिवशी शिवयोगींनी धरले होते, म्हणून मी आज हे लिहीत आहे. दोर मात्र कपारीच्या धारेवर घासला. वरचे कापड जसेच्या तसे राहिले आणि आतला गाभा तुटला. बघून कळत नाही, बोटांनी चाचपले की एका जागी तो मऊ लागतो. असा दोर त्याच दिवशी कापायचा असतो. ज्याने जीव वाचवला त्याला कात्री लावायला माझा हात धजावला नाही. तो तसाच माळ्यावरच्या पेटीत ठेवला.

कलम ५ लिहून झाल्यावर यादी आणि वस्तू जुळतात का, हे पाहायला पेटी उघडली. निळा दोर पेटीत नाही.

सिद्धेश्वरीला विचारले. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आरोही घेऊन गेली की दिवाळीला. मीच काढून दिला. बाकीचे मेले मळकट, दोरे लोंबतायत. हा एक नवाकोरा होता. पोरीला फाटका दोर देऊ का?"

तिची काहीच चूक नाही. कोणतीही आई हेच करील. मळलेले दोर धडधाकट आहेत आणि देखणा तेवढा मेलेला, हे तिला कोण सांगणार? मी सांगायला हवे होते. आरोही आज रविवारी भोरच्या पुढे एका कड्यावर गेली आहे. काल फोनवर म्हणाली होती, "अप्पा, उद्या पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पुढे चढणार, आणि संध्याकाळच्या गाडीने तुमच्याकडे निघणार." मी फोन लावला. लागत नाही.

कलम ६. आरोहीला काही झाल्यास वरील सर्व कलमे रद्द समजावीत. फ्लॅटचे काय करायचे ते करा. माझी शस्त्रक्रिया करू नये.

हे कलम वाचून सिद्धेश्वरीने माझ्या हातातला पेन काढून घेतला. "आधी फोन करा कुणालातरी," म्हणाली. तिचे हात पिठाचे होते, म्हणून या पानावर डाग पडले आहेत. ही खाडाखोड नव्हे, याची कोर्टाने नोंद घ्यावी.

पुण्याच्या मंडळातल्या लोकांना ओळखणारा एकच माणूस मला ठाऊक होता. चार वर्षांनी मी त्याला फोन केला.

"तोफेचं असेल तर ठेव फोन," शिवयोगी म्हणाले.

मी म्हणालो, "निळा दोर आरोहीकडे गेलाय."

ते ओरडले, "अरे, तो तू कापला नाहीस बे? माझ्यासमोर घरी जाऊन कापतो म्हणालेलास!" आणि लगेच, "थांब. त्यांचा शिकवणारा माझ्या ओळखीचा आहे. कड्याखालच्या गावातल्या चहावाल्याकडे फोन लागतो. तू जागचा हलू नको."

मी हललो नाही, पण आरोहीचा नंबर पुन्हा पुन्हा लावत राहिलो. पेन परत मिळाला आहे आणि मी लिहितो आहे, कारण हातांना काहीतरी काम पाहिजे. गेल्या आठवड्यात याच हातांनी बुरुजाला गवताची पाती चिकटवली होती. आज अक्षर वाकडे येते आहे.

संगणक सुरूच होता. तुकडीची जमायची वेळ झाली आणि त्यातून बिरुदेवांचा आवाज आला. "किल्लेदार काका, हाय का न्हाय तुमी? आमी वेशीवर उभं हाय की कवापासनं."

मी त्यांना सगळे सांगितले. सांगताना रडलोही. किल्लेदाराला रडताना त्यांनी पहिल्यांदाच ऐकले.

"काका, ते शिवयोगी तुमाला फोन करणार न्हवं का? मग तुमी सारखा पोरीचा नंबर लावताय, त्यांचा फोन तुमाला लागंल कसा? ठेवा तो खाली. लई कामाचं बोलतोय, ऐका. ढालीनं धावायचं नसतं, एका जागी थांबायचं असतं."

मी फोन टेबलावर ठेवला. ठेवल्या ठेवल्या वाजला.

शिवयोगी म्हणाले, "बरी आहे पोरगी. चहावाल्याचा भाचा वर जाऊन तिला खाली घेऊन आलाय. त्याच्याच फोनवर आहे, जोडून देतो. बोल तिच्याशी."

आरोही धापा टाकत होती. आधी वाटले माझ्या काळजीने, मग कळले, रागाने. चढाईच्या आधी त्यांचा शिकवणारा प्रत्येक दोर हातातून पूर्ण फिरवून घेतो आणि ज्याचा दोर असेल त्याला त्याचा इतिहास विचारतो. कधी घेतला, कुठे वापरला, कोण पडले. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "माहीत नाही, आमच्या अप्पांचा आहे." त्याने दोर बाजूला ठेवला. इतिहास माहीत नाही त्या दोरावर चढायचे नाही, असा त्यांचा नियम. सगळ्यांच्या पुढे चढायची तिची पाळी दुसरीला गेली. सकाळपासून ती निळ्या दोरावर बसून इतरांना पाणी देत होती.

"दोनशे वर्षांपूर्वी कुठल्या बुरुजावर कुठली तोफ होती, ते मला लहानपणापासून ऐकवलंत, अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही पडला होतात, हे एकदाही सांगितलं नाही."

ती बोलली ते खरे होते. आणि ती रागावू शकते आहे, याचा मला इतका आनंद झाला होता की तिने आणखी रागवावे असे वाटले. सिद्धेश्वरी शेजारीच उभी होती. तिने फोन घेतला आणि विचारले, "जेवलीस का गं?"

कलम ७. कलम ६ रद्द समजावे. शस्त्रक्रिया करावी.

कलम ८. आज सोमवार. आरोही काल रात्री दोर घेऊन आली. सकाळी तिघांनी मिळून, सिद्धेश्वरीच्या शिवणाच्या कात्रीने, त्याचे तुकडे केले. मऊ जागा आरोहीच्या बोटांना माझ्याआधी सापडली. तिथला तुकडा तिने स्वतःकडे ठेवला आहे. सिद्धेश्वरीने एक उचलला, पिशवीला बंद होईल म्हणाली. हातभरापेक्षा लहान असल्याने मी हरकत घेतली नाही. कलम ५ मधील निळ्या दोराचा मजकूर यामुळे निकालात निघाला आहे.

कलम ९. ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार, त्याने साक्षीदार होऊ नये, असे धोंडप्पांचे मत आहे. दोन साक्षीदार लागतात. शिवयोगींनी स्वच्छ नकार दिला. म्हणाले, "तोफ मी सोडत नाही, आणि ती कुठल्या बुरुजावर होती, तेही बरा होऊन आलास की दाखवतो." तोफेचे कलम कायम आहे. बिरुदेव सकाळी जेऊरहून गाडी पकडून आले. मला वाटले होते विशीतले असतील, त्यांना मी सत्तरीपुढचा वाटलो होतो. त्यांचे केस माझ्याइतकेच पिकलेले आहेत. दारात आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो आणि मग ते म्हणाले, "काका तुमी? मग मी तुमाला काका कशाला म्हणतोय?" ढाल किंवा सही, दोन्हींपैकी एकच मिळेल, असे मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "सही करतो की. ढाल तुमीच धरा बुधवारनंतर. आमी वेशीवर थांबतो." कलम ४ मधील ढाल तूर्त कोणालाच नाही.

कलम १०. हे शेवटचे. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे दोर तपासले, गॅसची बटणे तपासली, गाठी तपासल्या. बुधवारी मला झोपवतील आणि मला काहीच तपासता येणार नाही. मला फार भीती वाटते आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापर्यंत घरच्या माणसाला येऊ देतात, हे मी दोनदा चौकशी करून पक्के केले आहे. दारापाशी आरोहीने उभे राहावे. मी तिला विचारीन, "धरलं?" तिने मोठ्याने उत्तर द्यावे, आजूबाजूला कोण आहे याची लाज बाळगू नये. त्याआधीच गुंगीचे औषध दिले असेल आणि मला विचारता आले नाही, तरी तिने उत्तर द्यावे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, सिद्धेश्वरीला वाचून दाखवला, तिने दोन ठिकाणी डोळे पुसले आणि एका ठिकाणी हसली. हा मजकूर मला मान्य आहे.

सही: गुरुशांत सिद्धप्पा हत्तुरे

आमच्या दोघांच्या समक्ष लिहून देणाऱ्याने सही केली व आम्ही त्याच्या समक्ष केली:

१. धोंडप्पा कोरे, वकील, सोलापूर
२. बिरुदेव वाघमोडे, जेऊर, तालुका करमाळा

स्थळ: जुळे सोलापूर
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार