नाव घेतलं की येतं

आत्याबाई, तुम्ही चुलीतली राख काढताय, मी म्हशीखालचं शेण भरून हात धुऊन आत आलेय, आणि भाकरीच्या टोपल्यावरून एक काळं धूड सरकतं. मी ओरडते, "उंदीर!" लग्नाला महिनाही झालेला नाही. तुम्ही राखेच्या हातानं माझं तोंड दाबता. "नाव घिऊ नगं! नाव घेतलं की येतं." माझ्या ओठांवर राख, डोळ्यांत पाणी, आणि ते धूड केव्हाच कणगीमागं पसार. मग तुम्ही शांतपणे राख भरता भरता मला शिकवता. त्याला मामा म्हणायचं. सापाला लांबडं म्हणायचं. माळ्यावर काही खुडबुडलं तर पाहुणा आलाय म्हणायचं. आणि औषध ठेवायचं असेल, पिंजरा लावायचा असेल, तर मोठ्यानं बोलायचंच नाही. त्यांना ऐकू जातं आणि मग ते सूड म्हणून लुगडी कुरतडतात.

मी मान हलवली खरी, पण तुम्ही एका गोष्टीचा विचार केला नव्हता. मी तुमच्या मालकांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांनाही मामाच म्हणत होते. दोन-चार दिवसांनी तुम्ही आतून हाक मारलीत, "अगं, मामा कणगीमागं बसल्यात, काठी आण लौकर!" मी डोक्यावर पदर घेतला, कोपऱ्यातली काठी उचलली आणि ओसरीवर तंबाखू मळत बसलेल्या मामांपुढं दोन्ही हातांनी धरली. त्यांनी काठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मला कुठं जायचंय?" मी खाली बघून म्हणाले, "कणगीमागं." तेवढ्यात आतून तुमचा आवाज आला, "हाणला का न्हाई अजून?" मामा उठून जे शेतात गेले ते दिवस मावळल्यावरच जेवायला आले. तुम्ही मला त्या दिवशी लई बोललात. पण बोलता बोलता तुमचं पोट हलत होतं, ते मी पाहिलं होतं.

तुमच्या घरात दोघांचं नाव घ्यायचं नव्हतं, उंदराचं आणि नवऱ्याचं. उंदराला निदान दुसरं नाव होतं. ह्यांना नुसतं 'हे', नाहीतर 'घरचे'. मी माझ्या नवऱ्याचं नाव जन्मात एकदाच घेतलं, लग्नात घास भरवताना, तेही यमकात बसवून. मी शाळा दुसरीपर्यंत केली. पुढचं वाचणं शिकले ते साखरेच्या आणि डाळीच्या पुड्यांच्या कागदांवर. तुम्ही ते कागद फाडू द्यायचा नाहीत. सुतळी सोडून, हातानं सरळ करून गादीखाली ठेवायचात आणि दुपारी शेंगा फोडताना म्हणायचात, "वाच, आज काय झालंय जगात." जगात झालेलं सगळं दोन महिने जुनं असायचं, पण आपल्याला ते ताजंच. त्या वेळी एका मंत्र्याचं आणि ह्यांचं नाव एकच होतं. आता मी करणार काय? मी वाचायची, "घरच्यांनी काल धरणाची पाहणी केली. घरच्यांनी मुंबईत भाषण केलं." तुम्ही शेंग हातात धरून विचारलंत, "त्यो कवा गेल्ता मुंबईला? सकाळी तर पाण्याची दारं धरत हुता." मी समजावून सांगितलं, तर म्हणालात, बरं केलंस, छापलेलं असलं म्हणून काय झालं.

हे गेले त्याला आता चौथं वर्ष चालू आहे. तिकडं ते तुम्हाला भेटले असतील तर तुम्हाला सगळं कळलंच असेल. दवाखान्याच्या खिडकीवर त्या पोरीनं विचारलं, पेशंटचं नाव काय? मी म्हणाले, घरचे. ती म्हणाली, "मावशी, इथं सगळ्यांचे घरचेच असतात." शेवटी पोरानं मागून येऊन नाव सांगितलं. तेव्हापासून वस्तीवर मी, एक म्हैस आणि चार कोंबड्या. पोरगा केडगावला असतो. नोकरी आहे, दोन खोल्यांचं घर आहे, सून चांगली आहे. दर खेपेला म्हणतो, चल. मी दर खेपेला म्हणते, म्हैस कोण बघंल? त्यामुळं आमचं दोघांचं भांडण म्हशीवरून चालतं आणि म्हशीला त्याचा पत्ता नाही. तिथं जाऊन मी काय करणार, आत्याबाई? तिथं ह्यांनी लावलेलं एकही झाड नाही.

दिवाळीच्या सुमाराला माळ्यावर खुडबुड सुरू झाली. आधी मला वाटलं मामाच. पण मामांची चाल अशी जड नसते. मग विहिरीजवळच्या पपया आतून कोरून निघायला लागल्या. माळ्यावर पिकत घातलेल्या केळ्यांची सालं फ्रीजवर पडायला लागली. फ्रीज पोरानं दिलेला. वरच्या फळ्यांतून एकदा पाणी गळलं. पाऊस नव्हता, तेव्हा ते कसलं पाणी हे तुम्हाला सांगायला नको. एका संध्याकाळी कौलांवरून जाताना ते दिसलं. मांजरापेक्षा लांब, शेपूट तर अंगाएवढं, तोंडावर काळं, चोरानं फडकं बांधावं तसं. उदमांजर. लिहिताना नाव लिहायला हरकत नसावी, कागदावरचं त्याला ऐकू जात नाही.

पोरगा दिवाळीला आला होता, त्यानं गळतं बघितलं. म्हणाला, "आई, आज माळ्यावर हे, उद्या तुझ्या अंथरुणात लांबडं. संक्रांतीपर्यंत हे गेलं नाही तर म्हैस विकायची आणि तू माझ्याकडं यायचं. आता ऐकायचा नाही मी." ह्या खेपेला त्याचा आवाज ह्यांच्यासारखा निघाला.

मग मी मागं लागले. डांबराच्या गोळ्या टाकल्या, त्यानं त्या एकेक करून खाली ढकलल्या. मिरच्यांची धुरी दिली. मी, म्हैस आणि कोंबड्या अंगणात खोकत बसलो, ते वर झोपलेलं. रेडिओ लावून माळ्यावर ठेवला. भजनाला ते गप्प असायचं, शेतीच्या कार्यक्रमाला उठून फिरायचं. इकडं पोराचा फोन आला की पहिला सवाल, "गेलं का?" एकदा मी म्हणून टाकलं, "गेलं." तो म्हणाला, बरं झालं. मला बरं वाटलं नाही, पण संक्रांत जवळ आली होती.

माझी धाकटी बहीण संगमनेरकडं दिलेली आहे, ती म्हणाली, "अक्का, बाप्याच्या अंगाच्या वासाला भितंय ते. दाजींचा एखादा सदरा टाक वर." सगळे कपडे मी देऊन टाकले होते, एक सदरा ठेवला होता. न धुतलेला. मी तो माळ्यावर नेऊन पसरला. दुसऱ्या दिवशी दुपारी शिडीवरून डोकावले तर ते त्या सदऱ्यावरच अंगाचं वेटोळं करून झोपलं होतं, कॉलरवर हनुवटी टेकून. मी तशीच खाली आले. त्याला उठवावंसं वाटेना.

आपल्या घरात फोनला रेंज नाही. ती बांधाजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी येते, आणि बांधापलीकडं तुमच्या पुतण्याची बायको, माझी जाऊ, राहते. तिचे कान तुम्हाला ठाऊकच आहेत. मी टाकीपाशी उभी राहून बहिणीला हाल सांगितले, तुमच्या नियमानं, नाव न घेता. "काय सांगू बाई, पाहुणा काय हलत न्हाई. अंधार पडला की बाहेर पडतो, उजाडायच्या आत परत. केळी तर त्याला रोज लागत्यात. ह्यांचा सदरा दिला तर त्याच्यावरच झोपतोय. पोराला सांगितलंय की गेला म्हणून. त्याला कळलं तर मला हितं ठेवायचा न्हाई." बांधापलीकडं खुरपं थांबलं, ते मला ऐकू आलं नाही. त्यांना ऐकू जातं म्हणून तुम्ही उंदरांची भीती घातलीत आत्याबाई, जावेची घातली नाहीत.

तिनं पोराला फोन केला. हे मला नंतर कळलं. "बाळा, मी काय बोलत न्हाई, पन तुझ्या आईकडं एक पाहुणा ऱ्हातोय. म्या कुनाला सांगितलं न्हाई. पन सदरा तुझ्या बापाचा हाय म्हनून राहवलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात राखेनं भांडी घासतेय आणि पोरगा फटफटी लावून समोर उभा. तोंड उतरलेलं. पाया पडला नाही.

"आई, मला सगळं कळलंय."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं. "मग काय, न्हेतोस मला?"

"आधी खरं आहे का सांग."

"खरं हाय. पन हळू बोल. वर झोपलाय."

तो घराकडं बघतच राहिला. "वर? आपल्या माळ्यावर?"

"दिवसाचा झोपतोच त्यो."

"आणि दादांचा सदरा?"

"मीच दिला. वाटलं, त्यानं तरी जाईल. तर त्याला लई आवडला."

पोरगा खाली दगडावर बसला. "आई, लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हनत्यात? लोकांच्याबी घरी जातो की. मागच्या साली सरपंचाच्या माळ्यावर हुता. तिथं तर बायकापोरं घेऊन हुता."

तो उठला, केसांवरून हात फिरवला, आत जाऊन शिडी लावली आणि अर्ध्यावर थांबून, तुम्ही लावलेल्या वळणाला जागून म्हणाला, "अहो पाहुणे, जरा खाली येता का? बोलायचं होतं." त्यानं डोकं आत घातलं. मग फिस्स असा आवाज, मग असा काही वास सुटला की दारातल्या कोंबड्या बाजूला झाल्या, आणि पोरगा शिडीच्या दोन पायऱ्या सोडून एकदम खाली.

"आई! उदमांज–"

"नाव घिऊ नगं!" आणि मी राखेच्या हातानं त्याचं तोंड दाबलं.

तो डोळे मोठे करून माझ्याकडं बघतोय. ओठांवर राख, अंगाला तो वास. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग माझे. आम्ही दोघं तिथंच उंबऱ्यावर बसून हसलो, पोट दुखेपर्यंत. हे गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र रडलो होतो, हसलो नव्हतो. बांधावरून जाऊ ओरडली, "कोन हाय गं, धरला का?" पोरगा म्हणाला, "काकी, या की, तुमची ओळख करून देतो." ती आली नाही.

सुनेनं फोनवर सांगितलं, वास गेल्याशिवाय घरी येऊ नका. म्हणून पोरगा राहिला. लिंबू चोळून, मुलतानी माती लावून आंघोळी केल्या. मध्ये वनखात्याच्या माणसाला विचारून आला. त्यानं सांगितलं, मारायचं नाही, गुन्हा आहे. वर पिल्लं नाहीत ना ते बघा, आणि ते बाहेर पडलं की वाट बंद करा. पिल्लं नव्हती. एकटंच होतं. संध्याकाळी ते पपईकडं गेलं तेव्हा पोरानं आढ्याजवळच्या भोकाला जाळी ठोकली. मी खालून खिळे देत होते. ह्यांना द्यायची तसेच, एकेक.

निघताना त्यानं माळ्याकडं बघितलं. म्हणाला, "आता काय कारण उरलंय तुला न्यायला?" मी म्हणाले, "म्हैस हाय की." "म्हैस तर तुझ्या बाजूची आहे," तो म्हणाला, आणि ह्या खेपेला पाया पडला. तेव्हा मी इथंच आहे, आत्याबाई. हे तुम्हाला सांगायचं होतं.

सदरा तीन वेळा धुतला. ह्यांचा वास गेला, त्याचा राहिला. आणि माळा आता गप्प आहे. उजाडताना कौलं वाजायची, तेव्हा अर्धवट झोपेत मला वाटायचं, घरचे रात्रभर शेताला पाणी धरून आले. हे मी पोराला सांगितलेलं नाही. आणखी एक. पोरानं त्या दिवशी एवढ्या मोठ्यानं त्याचं नाव घेतलं, मी किती दिवस वाट बघितली, ते काही आलं नाही. पण पोरानं नाव पुरं केलं नव्हतं, मी तोंड दाबलं. त्यामुळं तुमचा नियम खरा की खोटा, ते कळायचं राहून गेलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणजे तिकडं कुणीतरी तुम्हाला ते वाचून दाखवणार, आणि तिकडं वाचून दाखवणारं आपल्या घरचं एकच माणूस आहे. मला लाज वाटेल.

हे काल दुपारी इथवर लिहिलं होतं आणि गादीखाली ठेवलं होतं. आज सकाळी शेण काढलं, दूध काढलं, चुलीतली राख भरली. मग माळ्याखाली उभी राहून तुमच्या लेकाचं नाव घेतलं, पुरं, मोठ्यानं, यमक न लावता. आणि भाकरी थापायला बसले.