डॉयल हॅचरची रेकॉर्ड

ट्रॉय, मिशिगन
२३ फेब्रुवारी १९८६

प्रिय लहू,

जयभीम. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिल्यात विनंती होती, दुसऱ्यात चक्क रागावला आहेस. अमेरिकेत राहून, रेकॉर्डच्या कारखान्यात नोकरी करून, एका कॅसेटची खरखर काढून देणं होत नाही का तुझ्याच्यानं, असं विचारतोस. बरोबर आहे तुझं. मे महिन्यात बाबूजींचा पहिला स्मृतिदिन. विहारात भोंग्यावर त्यांच्या गाण्यांची कॅसेट लावायची, सगळी वस्ती ऐकायला येणार, आणि कॅसेट इथे माझ्याकडे पडून. तुझ्या मेहुण्यानं, अंजनाच्या भावानं, ती विमानात मांडीवर ठेवून आणली होती. मी त्याला चहा दिला, थँक्यू म्हटलं आणि कॅसेट टेबलक्लॉथच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. नोव्हेंबरपासून ती तिथेच होती. आळस नव्हता रे. ड्रॉवर उघडायचे, टेबलक्लॉथ काढायचे आणि बंद करायचे, एवढंच.

माझं काम नक्की काय, हे तू वस्तीत सांगतोस ते मला कळलंय. ताई तिकडे गाणी ऐकायचा पगार घेते म्हणे! ऐकते खरी, पण गाणं नाही. एका छोट्या खोलीत बसते, कानावर हेडफोन, समोर फिरती रेकॉर्ड. साचा नवा बनला की त्यातून निघालेली पहिली रेकॉर्ड माझ्याकडे येते. टिकटिक, खरखर, घरघर, जे गाण्याचं नाही ते मी शोधायचं. गाण्याकडे लक्ष गेलं की दोष निसटतो, हे मला डार्लीननं पहिल्याच आठवड्यात शिकवलं. डार्लीन म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीतली बाई. तिचे आईवडील केंटकीतून मोटारीच्या कारखान्यात कामाला आले, आपल्याकडे खेड्यातून मिलमध्ये यायचे तसे. मला ‘हनी’ म्हणते आणि माझ्या डब्यातलं वांग्याचं भरीत बोटानं चाटूनपुसून खाते. पण न ऐकता ऐकायची ती विद्या मला इतकी जमली की तुझी तार आली त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी कामावर गेले. तार माझ्या हातात पडेपर्यंत तिकडे सगळे विधी उरकले होते. मग घरी बसून काय करायचं होतं? त्या दिवशी कोणाची गाणी होती ते मला आठवत नाही, पण एकही दोष माझ्या हातून सुटला नाही. मायला फोन लावला तेव्हा ती रडत होती आणि मी तिला बीपीच्या गोळ्या वेळेवर घे म्हणून बजावत होते. तुझे भाऊजी रात्री उशाशी पाणी आणून ठेवायचे. मी छान झोपायचे. लोक म्हणतात दुःखानं झोप उडते, माझी कधी उडाली नाही.

जानेवारीत आमच्याकडे डॉयल हॅचर नावाच्या गायकाची रेकॉर्ड आली. इकडे ‘कंट्री’ म्हणतात ना, गावाकडच्या माणसांची गाणी, त्यातला हा म्हातारा. डार्लीनच्या आईच्या लग्नात याचीच गाणी वाजली होती. आता मोठ्या कंपनीनं त्याला सोडून दिलं होतं. मग कुठल्या तरी लहान कंपनीनं केंटकीतल्या एका रिकाम्या चर्चमध्ये नुसती एक गिटार देऊन त्याच्याकडून दहा गाणी गाऊन घेतली. डार्लीन आठवडाभर त्याच रेकॉर्डबद्दल बोलत होती. मी ती लावली आणि पहिल्याच गाण्याला फेल केली. ओळ सुरू व्हायच्या आधी खरखर यायची. दुसरा साचा बनवला, तीच खरखर. मी पुन्हा फेल. मग शेरा मारला की मूळ टेपच खराब आहे, आणि साहेबांनी गाण्याच्या कंपनीला तसं कळवून टाकलं. डार्लीन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. भरीतही खाल्लं नाही.

गेल्या गुरुवारी तो स्वतः आला. इथून जवळच मुलीकडे राहतो. उंच, वाकलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट. हॅट काढून माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि आत येऊ का म्हणून विचारलं. मला धसका बसला, म्हटलं आता नोकरीवर येतं. साहेब मागे उभे. मी स्पीकर लावला, खरखर आली की बोट वर करत गेले. हे बघा, हे इथे, हे पुन्हा इथे. त्यानं तीन गाणी निमूट ऐकली. मग म्हणाला, मॅडम, तुमच्या मशीनचा काही दोष नाही. खुर्ची माझ्याजवळ ओढली, तोंड उघडलं आणि एक लांब श्वास घेतला. लहू, तीच खरखर. पोरवयापासून तो कोळशाच्या खाणीत होता, गाणं नंतर आलं, धूळ छातीत राहिली. कंपनीवाले ती काढून टाकू म्हणत होते, त्यानंच काढू दिली नाही. चोरून आणलेली नाही, कमावलेली आहे, असं म्हणाला आणि हसला, आणि हसताहसता खोकला.

मला कळायला हवं होतं. रेकॉर्डला ओरखडा असला तर तो प्रत्येक फेरीला त्याच जागी येतो, कोणी गात असो की नसो. ही खरखर फक्त ओळीच्या आधी यायची, दम घ्यायच्या जागी. मला ते ऐकू आलं होतं, पण त्यात माणूस आहे हे डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं शाहिराच्या घरात वाढून!

जाताना त्यानं विचारलं, तू कुठली, वडील काय करतात. मी म्हटलं, नागपूरची, वडील मिलमध्ये सूतखात्यात होते आणि आमच्या लोकांची गाणी गायचे. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, मग कापसाची धूळ! गातात का अजून? आणि मी म्हटलं, हो, गातात. बरे आहेत. त्यानं माझा सलाम त्यांना सांग म्हटलं, मी सांगते म्हटलं, आणि हेडफोन कानावर चढवले. रेकॉर्ड फिरतच नव्हती.

काल सकाळी किराणा आणायला निघाले तेव्हा ड्रॉवरमधून कॅसेट काढून घेतली. दुकानासमोर बर्फात गाडी उभी केली आणि लावली. जयंतीचा मंडप, पेटीवर तू, मागे एकनाथकाकांची ढोलकी. बाबूजींची ओळ यायच्या आधी खरखर. मग कोरस उचलून धरतो, तेव्हा खरखर नाही. पुन्हा बाबूजी, पुन्हा खरखर. ती टेपची असती तर कोरसच्या वेळी कुठे गेली असती? लहू, तू त्यांच्या इतका जवळ होतास की तुझ्या पेटीचा भाताही ऐकू येतो. तुला वाटलं टेपरेकॉर्डर बिघडला. मलाही तसंच वाटलं असतं. आपण दोघं ती खरखर ऐकतच मोठे झालो. पहाटे पाळीला जाताना ते चपला शोधायचे तेव्हा ती दारातून ऐकू यायची, आणि आपण कूस बदलून झोपायचो. चौथ्या गाण्यात ते एका ओळीसाठी दोनदा दम घेतात. तिथे कोरसनं सांभाळून घ्यायला सुरुवात केली, तर त्यांनी कोरसला थांबवलं आणि ओळ स्वतःच पुरी केली. मला त्यांचा इतका राग आला! डॉक्टरनं नको म्हटलं होतं ना? मी कितीतरी वेळ गाडीत बसून होते. डोळ्यांत पाणी आलं नाही, पण किराणा न घेताच घरी आले.

कॅसेट याच पाकिटात आहे. आली तशीच आहे. आमच्या इंजिनिअरला सांगितलं असतं तर त्यानं अर्ध्या तासात साफ करून दिली असती, त्याच्याकडे तसं यंत्र आहे. मी सांगितलं नाही. भोंग्यावर आहे तशी लाव. लोक म्हणतील, दादारावांच्या पोरीला एवढंही जमलं नाही. म्हणू देत. कोणी बटण फिरवायला उठलं तर त्याला खाली बसव, आणि मायला भोंग्याच्या जवळ बसव, ती ओळखेल. आता हे पत्र आज का लिहिलं ते सांगते. रेकॉर्ड मी पास केली आहे. परवा डॉयल हॅचर आपल्या रेकॉर्डचे खोके न्यायला येणार आहे आणि बाबूजींना सलाम पोचला का ते विचारणार आहे. त्याला खरं सांगायचं आहे. पण नऊ महिन्यांत ते वाक्य मी कोणापाशी उच्चारलेलं नाही, तुझ्या भाऊजींपाशी नाही, मायपाशी नाही, मराठीत नाही की इंग्रजीत नाही. पहिल्यांदाच परक्या माणसापुढे तोंडून निघेल की नाही याची खात्री नाही, म्हणून आधी तुला लिहून बघते आहे. लहू, आपले बाबूजी गेले.

तुझीच,
नंदाताई