नेरिसला आणायला जातेय

गेथिन,

तू कामावरून येशील तेव्हा मी इस्तंबूलच्या विमानात असेन. फोनवर सांगितलं असतं तर तू अडवलं असतंस, म्हणून लिहून ठेवतेय.

नेरिस स्पेनला गेलेलीच नाही. पोट कमी करायचं ऑपरेशन करून घ्यायला ती एकटीच तुर्कस्तानात गेली. आज सकाळी तिचा फोन आला. टाक्यांतून पू येतोय, अंगात ताप आहे आणि क्लिनिकवाले म्हणतात, "एवढं सुजतंच, उद्याच्या विमानाने घरी जा." मी आपल्या दवाखान्यातल्या नर्सला विचारलं. ती म्हणाली, "अशा अवस्थेत विमानात बसवू नका, आधी मोठ्या हॉस्पिटलात न्या." मी तेच करणार आहे. ती धड बरी होईपर्यंत तिथून हलणार नाही.

फ्रिजमध्ये मटणाचा रस्सा आहे. गुरुवारी मेगनला पोहायला न्यायचंय. माझ्या आईला काही बोलू नकोस, मी सांगेन.

नेरिस रडत होती. म्हणाली, "ताई, नाताळात गेथिन म्हणाला ना, 'पुडिंग पोटावरच ठेव, टेबल कशाला हवं?' तेव्हाच ठरवलं मी." तेव्हा मीही हसले होते. पण ती घरी आली की तिच्या पोटाबद्दल तुझ्या तोंडून एक शब्द निघता कामा नये.

आणखी एक. मे महिन्यात मी मैत्रिणींबरोबर फिरायला जाणार होते ना? मैत्रिणी कुणी नव्हत्या. त्याच क्लिनिकची तारीख घेतली होती. सकाळीच रद्द केली.

डेलिथ