फाटकावरच्या चार ओळी

हायफाँग, २४ मार्च २०१९

प्रिय कालिनाताई,

नमस्कार. मी बरी आहे. तूही बरी असशील, छापखाना चालू असेल, मांजर पुन्हा कागदाच्या गठ्ठ्यावर झोपत असेल, असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. हातानं लिहिलेलं पत्र तू न वाचता टाकणार नाहीस, तेवढी मी तुला ओळखते.

इथे सध्या हवा इतकी दमट आहे की भिंतींना पाणी सुटतं आणि कपडे चार चार दिवस वाळत नाहीत. पहाटे पाच ते आठ कादंबरी, मग शाळा, साठ पोरांना इंग्रजी, संध्याकाळी त्यांच्या वह्या. दोन वर्षांपूर्वी निघताना तू म्हणाली होतीस, "लिहायला एवढं लांब कशाला? इथली शाई काय वाईट आहे?" उत्तर असं आहे की गावात मी रोज कुणा ना कुणाच्या फाटकावर लावायच्या शोकपत्रकासाठी चार ओळी लिहायची, आणि त्या लिहून झाल्या की माझ्यात काही शिल्लक राहायचं नाही. इथे कोणाचं कोण गेलं ते मला कळतच नाही. म्हणून तीनशे पानं झाली.

तू पाठवलेला फोटो मिळाला. बाबांच्या चाळिसाव्या दिवसाचं पत्रक, आपल्या फाटकावर. फोटोखाली एक शब्दही नाही. ताई, सात नंबर? बाबांच्या वहीतला सात नंबर, "प्रेमळ पिता, कष्टाळू हात", जो आपण घाईतल्या गिऱ्हाइकाला देत आलो? ज्या माणसानं चाळीस वर्षं अख्ख्या त्रोयान गावाची शोकपत्रकं छापली, त्याच्या स्वतःच्या फाटकावर वहीतल्या तयार ओळी. मला राग आला, खरं सांगते. मग लक्षात आलं की त्या ओळी लिहायचं काम माझं होतं. आईच्या मी सोळाव्या वर्षी लिहिल्या होत्या, एका दुपारी बसून.

मी अंत्यविधीला आले नाही म्हणून तू रागावली आहेस. पण ते तेतचे दिवस होते. नव्या वर्षाला इथे सगळा देश प्रवासात असतो. तिकीट मिळालंच नाही. फोनवर सांगितलं होतंच तुला.

सहाव्या महिन्याच्या पत्रकासाठी ओळी मी देईन. नऊ ऑगस्टला अजून पुष्कळ वेळ आहे.

तुझी,
तेमेनुगा


हायफाँग, २१ मे २०१९

प्रिय ताई,

तुझा निरोप मिळाला. "चार ओळी. नऊ ऑगस्टच्या आत." मोजून पाच शब्द, पण बोललीस. मी तो दिवसातून तीनदा वाचते.

काल बाबांना शंभर दिवस झाले. आपण चाळीस मोजतो, इथली माणसं शंभर मोजतात. मी विसरले होते. घरमालकीण विसरली नव्हती. ल्येनमावशीबद्दल तुला मागे लिहिलं होतं, तरुणपणी पाच वर्षं ती आपल्याकडे सूतगिरणीत होती. तिला आपली भाषा येते ती गिरणीतली, म्हणजे अर्धं काम आणि अर्ध्या शिव्या. परवा जिन्यात मला अडवून म्हणाली, "पोरी, बापाचा फोटो दे. माझ्या नवऱ्याशेजारी ठेवते. तो एकटाच बसून कंटाळलाय."

मी टोपीवाला फोटो दिला, तिनं तो तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी मांडला. मग तिनं विचारलं, बापाला खायला काय आवडायचं. घेवड्याचं सूप, पुदिना घालून, असं सांगितल्यावर ती हसायलाच लागली. गिरणीच्या खानावळीत तिनं ते पाच वर्षं रोज खाल्लं होतं. "तेव्हा नाक मुरडायचे गं मी. आता तुझ्या बापासाठी करते." आणि केलं. चव अगदी आपल्या घरची नव्हती, पण पुदिन्याचा वास आला आणि मला समोरचं दिसेना. इतके दिवस मी रडले नव्हते, ताई. काल रडले.

जेवताना मावशी म्हणाली, "मातीला तू गेली नाहीस ना?"

"तिकीट नव्हतं. तेत होता."

"तेत चार दिवस आधीच होऊन गेला होता. माझा भाचा त्याच आठवड्यात प्रागला गेला. सांगत होता, अर्धं विमान रिकामं, आडवा झोपून गेलो." असं म्हणून तिनं माझ्या वाडग्यात आणखी सूप ओतलं. तिच्या जागी तू असतीस तर वाडगं उचलून नेलं असतंस. 

ओळींचं विचारशील, म्हणून सांगते. एकोणीस वेळा लिहिल्या, एकोणीस वेळा खोडल्या. बाबांनी शिकवलेलंच आठवत बसते. मी चौदा वर्षांची असताना मोचीकाका गेले, तेव्हा त्यांच्यावर "स्वर्गीची फुले" वगैरे लिहून नेलं होतं. बाबांनी कागद परत दिला. "फुलं सगळ्यांनाच मिळतात. नाव झाकून वाच. गल्लीनं माणूस ओळखला पाहिजे, नाहीतर कागद फुकट." तू आत छपाईचे खिळे जुळवत होतीस, तिथून ओरडलीस, "लिही की त्यांच्या बुटांना नेहमी एकच लेस असायची." तीच ओळ छापली गेली. काकूंनी ते पत्रक वर्षभर फाटकावरून काढू दिलं नव्हतं.

बाबा तुला मथळा म्हणायचे आणि मला तळटीप. मथळ्याशिवाय पान उभं राहत नाही, असं म्हणून तुझ्या पाठीवर शाईचा हात मारायचे. मला तेव्हा तुझा हेवा वाटायचा. अजूनही वाटतो.

निघताना तू फाटकात दुसरंही एक बोलली होतीस. "गावचे मेलेले संपले वाटतं. आता घरचे लिहायला चाललीस." तेव्हा बाबा आजारी होते, पण जिवंत होते. मी ते वाक्य टोमणा म्हणून सोडून दिलं. हल्ली पहाटे टेबलाशी बसलं की तेच आठवतं. त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आज नाही जमत.

तुझी,
तेमेनुगा


हायफाँग, १२ जुलै २०१९

प्रिय ताई,

आज हवापाणी नको. शाळेला सुट्टी लागली आहे, मी बरी आहे, बस.

तिकीट होतं.

तू फोन केलास तेव्हा इथे दुपारचे बारा वाजून गेले होते. तू रडत रडत सांगितलंस की शेवटच्या तासात बाबा चादरीच्या काठावरून बोट फिरवत होते, डावीकडून उजवीकडे, पत्रकावरची नावं तपासायचे तसं. पुन्हा पुन्हा. मग तू त्यांचा हात धरून म्हणालीस, "बाबा, सगळं बरोबर आहे. छापायला हरकत नाही." आणि बोट थांबलं.

मी फोन ठेवला. संध्याकाळच्या विमानात जागा होती, इस्तंबूलवरून. नाव भरलं, पासपोर्टचा नंबर भरला, फक्त एक बटण दाबायचं राहिलं. मी मनात म्हटलं, तुझं वाक्य विसरायच्या आत लिहून ठेवू, दहा मिनिटांचं काम. तीन दिवस खुर्चीतून उठले नाही. कादंबरीतला बाप सात महिने मरत नव्हता, शेवट सापडत नव्हता, आणि तो तू मला फोनवर दिलास. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाबांना घेऊन दफनभूमीची टेकडी चढत होतात, तेव्हा मी पाचव्या पानावर होते. घड्याळ बघितलं होतं मी. वेळेचा हिशेब करून, आत्ता निघाले असतील, असं म्हणून पुढचं वाक्य लिहिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुझ्यासमोर उभी राहिले असते. पण कादंबरीत त्या पलंगाशी धाकटी मुलगी आहे. तिला मोठी बहीणच नाही. बापाचा हात ती धरते आणि तुझं वाक्य ती बोलते. खरं तर बाबांना सहा वर्षं औषधं तू दिलीस, अंघोळ तू घातलीस, नखं तू कापलीस, आणि पुस्तकात तू कुठेच नाहीस. सोफिया शहरातल्या माझ्या प्रकाशकाला तेच प्रकरण सगळ्यांत आवडलं. म्हणाला, "हे तिथे हजर असलेल्या माणसालाच लिहिता येतं." मी त्याचे आभार मानले.

मी तुझी माफी मागते. तिकिटाच्या खोट्याची, न येण्याची आणि या चोरीची. लिहिणारी माणसं अशीच असतात, वगैरे मी म्हणणार नाही. मी तशी वागले.

त्या प्रकरणाची अकरा पानं सोबत ठेवली आहेत. प्रकाशकाला कळवलंय की तू हो म्हटल्याशिवाय ती छापायची नाहीत. तो चिडलाय, शरद ऋतूतल्या पुस्तकांमधली जागा जाईल म्हणतो. जाऊ दे. तू नको म्हणालीस तर ती पानं निघतील, आणि शेवट गेला म्हणजे पुस्तकही गेलं. तीनशे पानांसाठी मी देश सोडला, म्हणून मला त्याचं फार वाईट वाटेल, हे लपवत नाही. तरी ठरवायचं तूच.

वरचं सगळं लिहून झालं आणि मग ओळी आल्या. एका बैठकीत, न खोडता.

*तुमच्या दाराशी येऊन त्यांनी आधी टोपी काढली, मग कागद काढला.*
*नाव स्वतः तीनदा वाचलं, चौथ्यांदा तुम्हाला वाचायला दिलं.*
*या गावातून चुकीच्या नावानं कोणीही गेलं नाही.*
*आज त्यांचं नाव तुम्ही वाचा, मोठ्यानं.*

नाव झाकून वाचून बघ. समोरच्या पेंका आजीलाही वाचून दाखव, चष्म्याशिवाय ओळखते का बघ. एखादा शब्द खटकला तर बदल, मला विचारू नकोस. खाली शोकाकुल म्हणून तुझं नाव टाक. माझं टाकायचं की नाही, ते तू ठरव. तिथे तू होतीस.

तिकीट काढलंय. या वेळी बटण दाबलंय. नऊ ऑगस्टला सकाळच्या बसनं त्रोयानला उतरेन. कायमची येत नाहीये, पंधरा दिवसांनी परत जाईन. माझं लिहिणं इथे होतं आणि ते मी सोडणार नाही. हेही आता खरंच सांगितलेलं बरं. ल्येनमावशीनं तुझ्यासाठी सुकवलेली कमळबीजं दिली आहेत. म्हणाली, "मोठीला दे. आणि थोबाडीत खाल्लीस तर गपचूप खा."

छापलेलं पत्रक तेवढं फाटकाबाहेरच्या टपालपेटीत ठेव. खळ मी घेऊन येईन. तुला बाहेर यायची, बोलायची किंवा फाटक उघडायचीही गरज नाही. पत्रक बाहेरूनच चिकटवायचं असतं.

तुझी
तळटीप