मध्यंतरानंतरचे सिनेमे

प्रिय झोपाळू,

हे फोनवर बोलता आलं नसतं. तू मध्येच हसला असतास आणि मी विरघळले असते, म्हणून लिहितेय. कंपनी आणखी एक वर्ष तिकडेच थांब म्हणतेय, काय करू, असं तू रविवारी विचारलंस. मी ‘राहा की’ म्हणून फोन ठेवून दिला. तेव्हापासून घरात भांड्यांची आदळआपट चालू आहे. शुक्रवारी तू त्यांना उत्तर देणार आहेस, त्याआधी हे वाच.

माझ्या डोक्यात किडा सोडला तो तुझ्या तीन सिनेमांनी. वर्ष संपताना आपण आपापले तीन आवडते सिनेमे एकमेकांना सांगतो आणि कचाकचा भांडतो. पण लग्न झाल्यापासून तू एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नाहीस. मध्यंतरातलं पॉपकॉर्न संपलं की तुझी मान माझ्या खांद्यावर! मग स्कूटरवर मागे बसून उरलेली गोष्ट मी तुला ओरडून सांगायची, आणि सिग्नलला शेजारचे लोकही कान टवकारायचे. तुझ्या आवडत्या सिनेमांतला अर्धा भाग माझ्याच तोंडचा असायचा.

आणि या वर्षी? दिवसभर लिफ्ट बसवून दमलेला माणूस म्हणे एकट्याने तीन सिनेमे पाहतो आणि तिन्हींचे शेवट घडाघडा सांगतो! दीपगृहाचा रखवालदार बोटीतून घरी परततो. भावाशी भांडून गेलेला बेकरीवाला पहाटे येऊन दार वाजवतो. सर्कशीतला म्हातारा जादूगार बायकोच्या शिवणयंत्रापाशी येऊन बसतो. वर म्हणालास, दीपगृहाच्या सिनेमात शेजारच्या खुर्चीवरची बाई हुंदके देऊन रडत होती. कोण रे ही बाई? तुला कोपर मारून जागं कोण ठेवतं? आणि डोळा लागलाच तर मान कुठे टेकतोस? तुझ्या बहिणीला मी हे हसत हसत सांगितलं, तर ती हसली नाही. ‘वहिनी, दादा खरंच जागा होता?’ एवढंच म्हणाली. झालं, आगीत तेल! मग मी फोनवर सहज विचारल्यासारखं केलं, बाई दिसायला कशी होती? तू चाचरलास. अंधार होता म्हणालास. अंधारात हुंदके बरे ओळखू आले!

शेवटी काल दाताच्या दवाखान्यातलं माझं काउंटर दुसरीवर सोपवलं आणि दीपगृहाचा सिनेमा गाठला. ती बाई कशाला रडली ते बघायलाच गेले होते. अरे, रखवालदार परततच नाही! बोट निघून जाते, तो हात हलवतो आणि दिवा लावायला वर जातो. रडायचं सोड, माझ्या शेजारचे आजोबा खुर्चीखाली चप्पल शोधत होते. मी तिथूनच बेकरीवाल्याच्या खेळाला गेले. तो परक्या गावात नवं दुकान थाटतो आणि मजेत राहतो. भावाचं नावही काढत नाही. जादूगाराचा सिनेमा आता कुठे चालू नाही. पण त्याच्या बायकोकडे शिवणयंत्र नसणार, हे मी पैजेवर सांगते. शिवणयंत्र आपल्या खिडकीपाशी आहे.

म्हणजे तुला कुणीच जागं ठेवलं नव्हतं. ती रडणारी बाईसुद्धा तुझ्याच मनातली. तू तिन्ही वेळा नेहमीसारखा घोरलास आणि मला सांगण्यासाठी शेवट रचलेस. प्रत्येकात एकेकाला घरी आणून सोडलंस. मला घरी यायचंय, एवढं सरळ बोलायला तुझी जीभ का रे जड होते? आणि मी बावळट, त्या बाईच्या रागात ‘राहा की’ म्हणून बसले. मला फार भीती वाटली होती. आता नुसती आठवण येते, ती त्याहून वाईट आहे.

शुक्रवारी त्यांना सरळ नाही म्हण. इथल्या लिफ्ट काय कमी बिघडतात? आमच्या दवाखान्याचीच आठवड्यातून दोनदा अडकते. आणि हो, माझे तीन सिनेमे सांगायचे राहिले. या वर्षी मला सगळ्यांत आवडलेले तिन्ही तुझेच आहेत, तू झोपेत पाहिलेले.

तुझीच,
उत्तरार्धवाली