माळावरचा समुद्रकाठ

अहमदनगर, ता. ११ मार्च १९४६

तीर्थस्वरूप नृसिंहदादा यांच्या पायांशी धाकट्या रंगनाथचा नमस्कार पोचावा. मावशीचा गुडघा आणि वहिनींचा खोकला हर्णैच्या खाऱ्या हवेने उतरणीला लागला असेल अशी आशा आहे. (नसेल तर तसे कळवू नये, इंदू लगेच काढ्याची बाटली पाठवते आणि ती टपालात फुटते.) तुमच्या शाळेत मुले टिकून असतील. इकडे सारे खुशाल आहेत. मी मात्र आठ दिवस पोटभर जेवलेलो नाही, ते का हे सांगायलाच हे पत्र.

भिंगारपलीकडच्या माळावर साहेब लोकांच्या गोल्फ क्लबात मी हंगामी कारकून आहे हे तुम्ही जाणताच. आता लढाई संपली, साहेब एकेक करून बोटीवर चढू लागले, आणि कोणते क्लब ठेवायचे नि कोणते मोडायचे हे ठरवत पुण्याचे एक कर्नल हिंडत आहेत. आमचा मोडला तर मला इंदूला घेऊन तिसगावी सासऱ्यांच्या अडतीवर जाऊन बसावे लागेल. (सासरे वाईट नाहीत, पण ते मला ‘पाहुणे’ म्हणतात आणि पोती उचलायला लावतात.) हे कर्नलसाहेब विलायतेत समुद्रकाठी वाढले. गोल्फ खेळावा तो समुद्रकाठच्या वाळूत आणि वाऱ्यात, बाकीची मैदाने म्हणजे गुरे चारायची कुरणे, असे त्यांचे ठाम मत. म्हणून आमच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला फर्मावले की, आपले मैदान थेट समुद्रकाठासारखे आहे असा अहवाल लिही. मी समुद्र कशाला पाहतो? तुमची जुनी पत्रे काढली आणि त्यांतला वारा, वाळू, खुरटे गवत, सावलीला एक झाड नसणे, सारे उचलून इंग्रजीत घातले. ओहोटीसुद्धा घालणार होतो, पण सेक्रेटरीसाहेबांनी ती खोडली. अहवाल वाचून कर्नलची तार आली की स्वतः येऊन खेळून पाहतो. तेव्हापासून घास उतरेना.

चेंडू शेवटी ज्या गलीत घालायचा (आपल्या विटीदांडूच्या गलीहून ती खोल असते) तिच्याभोवती विलायतेत मखमली हिरवळ असते म्हणे. आमच्याकडे प्यायला पाणी नाही, तेव्हा वाळूत जळके तेल कालवून ती जागा चोपतात, म्हणजे चेंडू सरळ घरंगळतो. लढाईत तेल मिळेनासे झाले आणि वाळू उडून गेली. मी मुकादम भिमाजीला सांगितले की मोठे साहेब येत आहेत, गलींभोवतीच्या नऊही जागा नीट करून ठेव. (नीट म्हणजे कशा ते सांगितले नाही, ही माझी चूक.) सकाळी जाऊन पाहतो तर त्याच्या हाताखालच्या बायांनी नऊही जागा शेणाने गुळगुळीत सारवल्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेने रांगोळी काढली होती. मी कपाळाला हात लावला. भिमाजी म्हणाला, “पावनं येनार म्हनल्यावर सारवाया नगं व्हय? लई फुपाटा हुता.” मी धोतराच्या सोग्याने रांगोळ्या पुसत सुटलो. आठ पुसून झाल्या आणि मोटार आली.

कर्नल खेळत होते. सेक्रेटरीसाहेब मागून चालत होते, त्यांच्या मागून मी, आणि दर सारवणापाशी आम्ही दोघेही श्वास धरत होतो. (कर्नलसाहेबांना हिंदुस्थानात येऊन तीनच महिने झाले होते, हे माझे नशीब.) नवव्या जागेपाशी त्यांनी रांगोळीला वळसा घातला, ओलांडली नाही. मग विचारले, अहवाल कोणी लिहिला? सेक्रेटरीसाहेबांनी बोट दाखवले. कर्नलने मला थोडे मागे नेऊन काठी हातात दिली आणि धरायची कशी ते दाखवले. डाव्या हाताचा अंगठा दांड्यावर सरळ, उजवा हात त्याच्या खाली, पायांत खांद्याएवढे अंतर, नजर चेंडूवर, आणि मारल्यावरही मान वर करायची नाही. पहिल्या फटक्याला माझी वहाण गेली, चेंडू राहिला. दुसऱ्याला मान वर केली आणि चेंडू बाभळीत गेला. तिसऱ्याला मान खाली ठेवली, तो नेमका सारवणावर येऊन थांबला. तिथे मात्र मारायचे नसते, मनगट न हलवता नुसते लोटायचे. मी लोटला. दादा, त्या क्षणी मला खरोखर भीती वाटली, इंदू तिसगावच्या ओसरीवर बसलेली दिसू लागली. चेंडू संथ गेला आणि गलीत पडला.

कर्नल वाकले. त्यांनी सारवणावर बोट फिरवले, नाकापाशी नेले आणि ही कसली जमीन म्हणून विचारले. सेक्रेटरीसाहेब माझ्याकडे पाहू लागले. माझ्या तोंडून निघून गेले की ही कोकणातल्या समुद्रकाठची खास माती, माझे वडीलबंधू पाठवतात. साहेबांनी बोट रुमालाला पुसले, रुमाल घडी करून खिशात ठेवला, आणि आल्यापासून प्रथमच हसले.

असो. मुलांना आशीर्वाद आणि मोठ्यांना पुन्हा दंडवत. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

तुमचा
रंगनाथ

ता. क. क्लबाचा निकाल अजून लागलेला नाही. ती माती जिथली, ती जागा पाहून मगच कर्नलसाहेब सही करणार आहेत. येत्या शनिवारी ते हर्णैला तुमच्याकडे उतरतील. हे पत्र तुम्हाला शुक्रवारी मिळेल. मिळाल्याबरोबर किनाऱ्यावर, भरतीचे पाणी पोचणार नाही अशा ठिकाणी, चार बाजा मावतील एवढी जागा सारवून घ्यावी. शनिवारपर्यंत ती वाळली पाहिजे.

ता. क. दुसरा. बंधू कोण, काय करतात, असे साहेबांनी विचारले तेव्हा तुम्ही पंधरा वर्षे रोज सकाळी समुद्रकाठी गोल्फ खेळता असे मी सांगून बसलो आहे. ते दोघांपुरत्या काठ्या घेऊन येत आहेत. अंगठ्यापासून लोटण्यापर्यंतचा मजकूर मी उगाच लांबवलेला नाही. तो दोनदा वाचावा, आणि शुक्रवारी शाळा सुटली की खराट्याच्या दांड्याने सवय करावी.